समोरच्या मागावरची जाऊबाई

माझ्या उजव्या भुवईत एक खाच आहे. लोक विचारतात, लहानपणी पडलात का? पडले-बिडले काही नाही. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सुताने भरलेली लाकडी कांडी फेकून मारली, तिची ती खूण. चूक माझी होती. जाळी विणताना मी फणी जोरात ओढली होती. पण कपाळ फुटावं एवढी मोठी ती चूक नव्हती, असं माझं आजही मत आहे.

जाऊबाई गरीब गाय नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. त्यांची हकिकत ऐकली की लोक "बिचारी" म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. माझ्या थोरल्या दिराच्या डाव्या कानाची पाळी अर्धीच होती. उरलेली अर्धी जाऊबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी चावून तोडली होती. तो मारायचा आणि त्या मार खायच्या, हे खरं. पण फुकट कधी खाल्ला नाही. दिराला तोंडावर मी अहो-जाहो करायचे, भावोजी म्हणायचे. इथे करणार नाही.

सासरी दोन भाऊ, आम्ही दोघी जावा, आणि धंदा तंबूच्या जाड कापडाचा. भाऊ बाहेरच्या खोलीत सूत उकलायचे, ताणे म्हणजे मागाचे उभे धागे लावायचे, गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचे. आतल्या लांबट खोलीत दोन माग होते आणि त्यांवर आम्ही. खिडकी एकच, भिंतीच्या मधोमध, म्हणून दोन्हींना उजेड मिळावा या हिशेबाने माग एकमेकांकडे तोंड करून मांडलेले. दिवसभर मान वर केली की समोर जाऊबाईंचं तोंड. ते काही बघत राहावं असं तोंड नव्हतं. कधी डोळा काळानिळा, कधी ओठ सुजलेला, आणि नजर अशी की आपणच मारलंय की काय असं वाटावं.

तंबूच्या कापडाला एका धाग्यामागे तीन ठोके लागतात. आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे गेला की तो धागा दाबायला फणी धाडकन अंगाशी ओढायची, तीनदा. थोरला दीर बाहेर बसून हे ठोके ऐकायचा. कान अर्धा असला तरी ऐकू पुरतं यायचं. ठोके थांबले की बाई बसली, आणि बाई बसली की तो उठायचा. येताना हातात धोटा असायचा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. तो कमरेत बसला की आठ दिवस वाकता येत नाही. मला कसं माहीत, ते विचारू नका. माझा नवरा त्या वेळी दारात उभा राहून म्हणायचा, "दादा, जाऊ दे ना." स्वभावाने मऊ होता माझा नवरा. इतका मऊ की कुणाच्याही हाताला लागेल तसा दाबला जायचा.

जाळी मात्र ठोक्याने विणली जात नाही. जाऊबाई ती माहेरी शिकल्या होत्या, शेजारच्या एका लेसवाल्या म्हातारीकडून. त्या म्हातारीनेही मारूनच शिकवलं होतं. माहेरून त्यांनी एक छोटा माग आणला होता, मोठ्या मागाच्या आडव्या फळीवर ठेवता येईल एवढा. त्यावर बारीक सूत लावून त्या विणायच्या. ताण्याचे धागे जोडीजोडीने घ्यायचे, जोडीतला एक धागा दुसऱ्यावरून पलीकडे ओढून पीळ द्यायचा, तो तसाच अडकून राहावा म्हणून मधून एक चपटी पट्टी सारायची, पट्टी उभी केली की फट पडते, त्या फटीतून आडवा धागा न्यायचा. मग फणी नुसती आणून टेकवायची. ठोकली की पीळ दबला आणि भोक बुजलं. पीळ बसला की दोन धाग्यांमध्ये छोटा डोळा तयार होतो. असे शेकडो डोळे एका ओळीत. पुढे चार-चार धाग्यांना आडव्या धाग्याचा वेढा घालून मोळ्या बांधायच्या. हे सगळं बोटांनी, आणि आवाज शून्य.

आवाज शून्य म्हणजे मार नक्की. त्यावर आम्ही तोड काढली होती. दिवसभराचं तंबूचं कापड दुपारच्या जेवणापर्यंत जीव तोडून उरकायचं. जेवणानंतर जाऊबाई छोट्या मागावर बसायच्या आणि समोर बसून मी दोघींचे ठोके मारायचे, रिकामे. धागा घालायचाच नाही, विणलेल्यावरच धाड धाड. बाहेर तो खूश. त्या दिवसांत आमच्या कापडाची गिऱ्हाइकं फार तारीफ करायला लागली. म्हणायची, काय घट्ट विणता हो तुम्ही, पाण्याचा थेंब आत येत नाही. मला हसू आवरत नसे.

ठोके मारता मारता मी समोर बघत होते. बघून बघून हात शिवशिवायला लागले. एक दिवस म्हटलं, "जाऊबाई, मला शिकवा."

"तुला? तुझी बोटं आहेत की खुंट्या?"

"शिकवा तर खरं."

"मारीन."

"मारा."

त्यांनी शब्द पाळला. छोटा माग माझ्या फळीवर आला आणि रिकामे ठोके त्या मारायला लागल्या. मी समोरून जे बघितलं होतं ते हातांनी करायला लागले. एका हाताने फणी ओढता ओढता त्या माझ्यावर नजर ठेवायच्या. जोडी चुकली, कांडी. धागा तुटला, कांडी. नेम असा की दोन्ही मागांच्या धाग्यांमधून सुद्धा बरोबर माझ्यावर यायची. उठून माझ्या बाजूला त्या कधी आल्या नाहीत. येणार कशा? उठल्या की ठोके थांबणार. माझे नमुनेही विणून झाले की लगेच चुलीत जायचे, दिराच्या हाती लागू नयेत म्हणून. चार महिन्यांनी कांड्या कमी झाल्या. सहाव्या महिन्यात एकदा त्या म्हणाल्या, "बरं आहे." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही आनंदाने.

मग सूतवाल्याने एक बातमी आणली. तो बारीक सूत लपवून आणून द्यायचा, आणि जाऊबाईंचं काम त्याने पाहिलं होतं. नदीपलीकडे लेसची एक कार्यशाळा होती. तिथल्या मुख्य बाईंना एक विणकरीण हवी होती. एकच. राहायला आवारातच खोली मिळणार होती. अट एवढीच की चाळीस दिवसांत दोन हात लांबीचा जाळीचा तुकडा विणून न्यायचा आणि त्यांच्यासमोर बसून थोडं विणून दाखवायचं.

जाऊबाईंनी त्या दिवशी छोट्या मागावर नवा ताणा चढवला. मला म्हणाल्या, "इथे राहिले तर एक दिवस तो मला मारून टाकेल, नाहीतर मी त्याला. दोन्हीत माझंच वाटोळं. मला ती खोली पाहिजे. बाहेर एक अक्षर बोललीस तर जीभ उपटीन."

विसाव्या दिवशी मी बोलले. हे सांगताना आजही अंगाची आग होते. कुणा परक्याला नाही सांगितलं; नवऱ्याला सांगितलं. त्याच्याजवळ बसून, कौतुकाने, की बघा, तुमच्या वहिनी कुठल्या कुठे जाणार आहेत. आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही हे मला ठाऊक होतं. माझ्याच पोटात राहिलं नाही, तिथे त्यांना काय बोल लावायचा? दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी भावाला सांगितलं. मागाहून मला म्हणाले, दादाला बरं वाटेल असं वाटलं.

त्या दुपारी थोरला दीर आत आला तो शांत. धोटा नाही, शिवी नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जाऊबाईंच्या मोठ्या मागावर तंबूचा नवा ताणा होता. "सैल वाटतोय," तो म्हणाला. "आवळून घे. खिटी मी धरतो."

ताणा आवळायला दोन माणसं लागतात. एकाने ताणा गुंडाळलेल्या रुळाचा लोखंडी दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने दात्यांच्या चाकात खिटी बसती ठेवायची. एकेक दात पुढे गेला की खिटी टक करून बसते आणि रूळ मागे फिरत नाही. तंबूच्या ताण्याला एवढा ताण असतो की त्याच्यावर माणूस बसला तरी धागे वाकत नाहीत. जाऊबाई दांडा फिरवत होत्या. टक, टक, टक. शेवटी दांडा हलेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हात लावले आणि छातीचा भार टाकला.

"नदीपलीकडे जायचंय म्हणे," तो म्हणाला, आणि अंगठ्याने खिटी उचलली.

दांडा उलटा भिरभिरला. पहिला फटका उजव्या मनगटावर, दुसरा हनुवटीवर. मनगटाचा आवाज वाळक्या फाट्यासारखा आला. जाऊबाई मागाच्या पायावर आपटल्या, तोंडातून रक्त आणि रक्तातून दोन दात. हात असा लटकला होता की तळवा भलतीकडेच बघत होता. त्यांनी किंकाळी मारली नाही. त्यांनी पडल्या पडल्या त्याच्या नडगीवर लाथ घातली, आणि तो मागे कोलमडला. मग त्याने त्यांच्या बरगड्यांत तीन लाथा घातल्या. सावकाश, मोजून.

"निसटली," खिटीकडे बघून तो म्हणाला.

आणि मी काय केलं म्हणाल तर ठोके मारले. खरं सांगते. माझ्या हातात फणी होती आणि ते सगळं होत असताना माझे हात आपले धाड धाड चालूच राहिले, त्याचे कान माझ्याकडे वळू नयेत म्हणून. जाऊबाई तोंड पुसून माझ्याकडे बघत होत्या तरी मी थांबले नाही.

दवाखान्यात दिराने सांगितलं, मागावर अपघात झाला. डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडे अपघात फार होतात, आणि लिहून घेतलं. सहा आठवडे प्लास्टर. हाड नीट बसलं आणि जपलं तर हात पुन्हा चालेल, असं ते म्हणाले. जपायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

छोटा माग त्याने मोडला नाही. "राहू दे की," म्हणाला, "आता विण म्हणावं." स्वतःच्या विनोदावर तो बराच वेळ हसत होता. बातमी कुणी फोडली हे जाऊबाईंनी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

चाळिसांतले एकोणीस दिवस उरले होते आणि तुकडा निम्मा झाला होता. मी म्हटलं, "बाकीचा मी विणते."

"तू?" सुजलेल्या तोंडातून त्यांचा शब्द नीट फुटत नव्हता. "तुझ्या हाताला अक्कल कुठे आहे?"

"मग राहू दे?"

"विण. चुकलीस तर माझा डाव्या हातानेही नेम लागतो."

छोटा माग माझ्याकडे आला. जाऊबाई समोर बसून डाव्या हाताने माझ्या नावाचे रिकामे ठोके मारायला लागल्या. प्रत्येक ठोक्याला बरगडी दुखायची आणि त्या दात-ओठ खायच्या, जे काय उरले होते ते. दीर एकदा आत डोकावला. मी तुकड्यावर तंबूचं कापड टाकलं. जाऊबाईंच्या डाव्या हातात फणी बघून तो म्हणाला, "बसून तरी काय करणार! चालू दे." एकोणीस दिवस मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. अठराव्या दिवशी तुकडा पुरा झाला. ताणा कापला, तुकडा न बघता घडी करून पोटाशी बांधला, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टर दाखवायला दवाखान्यात जातो असं सांगून दोघी निघालो. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत मी दहा वेळा मागे वळून बघितलं.

मुख्य बाई उंच होत्या, चष्मा कपाळावर. बोलणं कमी. त्यांनी तुकडा मोठ्या टेबलावर पसरला, हाताने सरळ केला आणि हात काढून घेतला. तुकडा सरळ राहिला नाही. खालचा निम्मा भाग एका बाजूला झुकला, वरचा निम्मा दुसऱ्या बाजूला. मधोमध कंबर वळवून उभं राहावं तसं ते कापड दिसत होतं. मागावर ताण असेपर्यंत हे दिसत नाही.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे दोघींचं काम आहे."

त्यांनी तुकड्यावरून बोट खालून वर नेलं.

"खालच्या भागात प्रत्येक जोडीतला उजवा धागा डाव्यावरून नेलाय. वरच्या भागात डावा उजव्यावरून. शेकडो जोड्यांत एकदाही चूक नाही, पण उलट. तुम्हाला शिकवलं कोणी?" त्यांनी मला विचारलं.

"ह्यांनीच," मी म्हटलं.

"कुठे बसून?"

"समोर."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. समोर बसलेल्या माणसाचा उजवा तो आपला डावा. मी जसं दिसलं तसं उचललं होतं, म्हणून उलटं शिकले. आणि मी विणताना जाऊबाई समोरून बघायच्या तेव्हा त्यांना ते पुन्हा सुलट, अगदी स्वतःसारखं दिसायचं. बाजूला बाजू लावून आम्ही एकदाही बसलो नव्हतो. एकीने विणायचं तर दुसरीने समोर ठोके मारायलाच हवेत, अशा घरात हे व्हायचंच. जाऊबाईंनी तुकड्याकडे बघितलं आणि एक सणसणीत शिवी दिली. बाई हसल्या. मग त्यांनी प्लास्टरकडे बघितलं आणि हसायच्या थांबल्या.

"खालचा भाग जास्त चांगला आहे," त्या जाऊबाईंना म्हणाल्या. "असं काम मी फार दिवसांत पाहिलं नाही. पण मला सोमवारपासून मागावर बसणारं माणूस हवंय."

"महिन्याने बसते," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला. त्या विनवत होत्या.

"महिनाभर काम थांबत नाही हो." बाईंनी मला कोपऱ्यातल्या मागावर बसवलं. मी चार ओळी विणल्या. हात जराही कापला नाही, याची मला अजून लाज वाटते. बाईंनी ओळी बघितल्या, मान हलवली आणि मला विचारलं, "तू येशील?"

"येईन," मी म्हटलं. एक श्वाससुद्धा मध्ये गेला नाही.

आम्ही बाहेर आवारात आलो. मी म्हटलं, "जाऊबाई, तुम्ही पण इथेच राहा. माझ्या खोलीत. घरी जाऊ नका."

त्यांनी डाव्या हाताने माझ्या थोबाडीत दिली. एवढ्या जोरात की कानात शिटी वाजायला लागली. "नवऱ्याला सांगितलंस तू," त्या म्हणाल्या. मग खाली पडलेली माझी चप्पल पायाने माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "खोली कुठे आहे ते विचार."

आठव्या दिवशी तो आला. दुपारची वेळ, बाकीच्या विणकरणी जेवायला गेलेल्या. मी मागावर होते, जाऊबाई शेजारी स्टुलावर. आता बाजूला बाजू लावून बसलो होतो, मला सुलटं शिकवणं चाललं होतं. तो दारातून सरळ आत आला आणि जाऊबाईंचे केस धरले. माझा नवरा फाटकापाशीच थांबला. त्याच्या तोंडी तेच, दादा, जाऊ दे ना.

"घरी चल," दीर म्हणाला. "तुझा दुसरा पण हात बाकी आहे." आणि केसांनी ओढत त्यांना स्टुलावरून खाली पाडलं.

माझ्या हातात जाळीची पट्टी होती, हातभर लांब, कडक लाकडाची, टोकाला निमुळती. इतके दिवस हातात फणी असली की मी नुसते ठोके मारत आले होते. त्या दिवशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि पट्टी त्याच्या तोंडावर आडवी हाणली. गालफड फाटलं. त्याने केस सोडले आणि माझा गळा धरला. भिंतीवर माझं डोकं तीनदा आपटलं. मला त्याच्या अर्ध्या कानापलीकडे जाऊबाई उठताना दिसल्या. उठल्या, नीट उभ्या राहिल्या, आणि उजवा हात, प्लास्टरसकट, खांद्यापासून फिरवून त्याच्या नाकावर घातला.

नाक मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि त्यातच दुसरा आवाजही आला. तो मी आधी ऐकला होता. त्यांनी पुन्हा हात फिरवला. प्लास्टर फुटून त्याच्या चिपा उडाल्या. तो गुडघ्यांवर आला तशी मी पट्टीने त्याच्या खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे हाणत राहिले. जाऊबाई तोच हात वापरत होत्या. डावा चांगला हात मोकळा होता, तरी तोच. तो चारी मुंड्या चीत पडला, तोंडातून बुडबुडे काढत, आणि त्या त्याच्या बोटांवर पाय देऊन उभ्या राहिल्या. "निसटला," त्या म्हणाल्या.

मुख्य बाई धावत आल्या. आधी जमिनीकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग मागाकडे. "कापडावर रक्त उडालं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग याला उचलून बाहेर टाका." माझ्या नवऱ्याने त्याला खांद्यावर घेऊन नेलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "येतेस का?" मी पट्टी उचलली. तो गेला. पोलीस आले तेव्हा बाईंनी सांगितलं, मागावर अपघात झाला. दोघे भाऊ पुन्हा त्या फाटकातून आत आले नाहीत.

जाऊबाईंच्या मनगटाचं मात्र डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं. आता ते कधीच फिरणार नाही. बोटं हलायची, पण धागा उचलायची नाहीत.

त्या माझ्या खोलीत अकरा वर्षं राहिल्या. बाईंनी त्यांना नव्या मुलींना शिकवायचं काम दिलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्याजवळच्या कांड्या काढून घेतल्या. मग त्या तोंडाने शिकवायच्या, आणि ते कांड्यांपेक्षा जास्त लागायचं. पोरी रडत जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या. त्या प्रत्येकीच्या शेजारी बसायच्या, समोर कधीच नाही. आता माझ्या हाताखालून जी जाळी जाते तिचा उजवा धागा डाव्यावरूनच जातो. तो सुलट करायला मला दोन वर्षं आणि असंख्य शिव्या लागल्या. खोलीत आम्ही एकमेकींवर खेकसायचो, भांडी आपटायचो, एकदा तर मी रागाने पाण्याचा तांब्या फेकला आणि त्यांनी डाव्या हाताने झेलला. बाहेरचे म्हणायचे, या दोघी जावा आहेत की वैरिणी?

शेवटच्या वर्षी त्यांची छाती बिघडली. त्या खोकत बसलेल्या असताना एका सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. माझ्या मनात बरेच दिवस होतं ते मी विचारलं. म्हटलं, "जाऊबाई, मी नवऱ्याला सांगितलं नसतं तर तुमचा हात राहिला असता. मला माफ केलंत का?"

"त्याचं काय घेऊन बसलीस?" त्या म्हणाल्या. "नवी लग्न झालेली पोर नवऱ्याला सांगणारच. ते मी थोबाडीत दिली तेव्हाच सोडून दिलं."

मला एकदम मोकळं वाटलं. मी हसून म्हटलं, "मग इतकी वर्षं माझ्यावर डाफरत का राहिलात?"

त्यांनी मान फिरवली नाही. समोर भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बाईंनी तुला विचारलं, येशील का. मी तुझ्या शेजारीच उभी होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. नुसतं बघितलं असतंस, तर मीच म्हणाले असते, जा. ते मला म्हणायचं होतं. तू म्हणू दिलं नाहीस."

मी विंचरत राहिले. सांगावंसं वाटलं की घाबरले होते, सुचलं नाही, भान नव्हतं. यातलं काहीही मी बोलले असते तर ते खोटं झालं असतं. त्या शेजारी उभ्या आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांच्याकडे बघितलं तर आपल्याला हो म्हणता येणार नाही, म्हणून मी मुद्दाम बघितलं नव्हतं.